डब्याखालचं काळं पाणी

कचऱ्याच्या डब्यांशेजारी राहणाऱ्यांची पहिली तक्रार असते वासाची. वासाने मळमळतं, डोकं दुखतं, दमेकऱ्यांना त्रास होतो. त्यांना 'खिडकी बंद ठेवा' एवढंच सांगून वाटेला लावणं चुकीचं आहे. पण सोसायटीच्या कमिटीने आधी वाकून डब्याखाली पाहावं. तिथलं काळं पाणी हे वासाचं मूळ आहे आणि माशा-उंदरांचंही.

उन्हाळ्यात माशीच्या अंड्यापासून नवी माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. डबा रोज रिकामा होतो, तरी माशा हटत नाहीत, कारण तळाला चिकटलेला लगदा तसाच राहतो. अळ्या त्यावर पोसतात आणि कोष करायला फरशीच्या भेगांत किंवा बाजूच्या मातीत सरकतात. धूरफवारणी तिथवर पोचतच नाही.

म्हणून आठवड्यातून किमान दोनदा डबा आडवा करून साबणाच्या पाण्याने, लांब दांड्याच्या ब्रशने घासावा. मगच ब्लीचिंग पावडर: १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम, १० मिनिटं ठेवून धुवायचं. घाणीवर नुसती पावडर भुरभुरली तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतो. संडासाचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे काम करणाऱ्याला रबरी हातमोजे आणि गमबूट सोसायटीनेच द्यायला हवेत.

जमिनीला दर मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार हवा, भेगा सिमेंटने बुजवलेल्या हव्यात. धुतलेलं पाणी पावसाळी गटारात नको, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जायला हवं. जाळीची भोकं ६ मिलिमीटरहून मोठी असली की उंदराची पिल्लं आत शिरतात. पावसाळ्यात उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा पाण्यातून चालल्यावर पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले तर डॉक्टरांना पाण्याचं आवर्जून सांगा. पायाला जखम असेल तर ताप येण्याची वाट न पाहता जा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी. ती डब्यांजवळ असेल आणि झाकण जमिनीला टेकलेलं असेल, तर पावसात डब्यांखालचं पाणी आत झिरपू शकतं. कचऱ्यात लहान मुलांचे डायपरही असतात, म्हणजे जुलाब आणि कावीळ दोन्हींची भीती. झाकणाची कडा किमान १५ सेंटिमीटर उंच करून घ्या आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून दाखवणारी चाचणी) करा. क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघाला तर टाकी तपासल्याशिवाय ते पाणी न उकळता पिऊ नका.

ओल्या कचऱ्याचं खत करायचा ड्रम असेल तर ढवळताना बुरशीचे कण उडतात. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा आणि ढवळण्याची वेळ शेजारच्या घरांना कळवा. तेवढा वेळ त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात.