माट्टीच्या नावाने आलेला अर्जुन

माट्टी हा गोव्याचा राज्यवृक्ष. कोकणात त्यालाच ऐन म्हणतात. पावसाळा तोंडावर आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या रोपवाटिकेकडे पंचायती, शाळा, देवस्थानं सगळ्यांना एकदम राज्यवृक्ष हवा असतो. एका पंचायतीने मात्र रोपं बाहेरच्या पुरवठादाराकडून मागवली आणि लावणी बघायला तेवढं मला बोलावलं. टेंपोतून पाच फुटी, सरळसोट, तजेलदार रोपं उतरली. शंका आली ती तिथेच. माट्टी आधी मुळावर जोर देते. पहिल्या वर्षात फूटभर वाढली तरी पुष्कळ.

मोठी माट्टी कोणीही ओळखेल. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. तिच्याच जातकुळीतल्या अर्जुन या दुसऱ्या झाडाची साल गुळगुळीत, फिकट, पापुद्रे सुटणारी. रोपावर यातलं काहीच नसतं. पान उलटलं तर बुडाशी ग्रंथींची जोडी दोघांनाही असते. माट्टीच्या कोवळ्या पानावर लव असते, पण जून पानावरची झडून जाते, म्हणून एकट्या लवेवर निकाल देऊ नये.

मी पिशवी फाडली. मातीत अर्धवट कुजलेलं फळ निघालं. पाच पंख दोन्ही झाडांच्या फळांना असतात आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. माट्टीच्या फळाचा पंख रुंद, त्यावरच्या बारीक रेषा गाभ्यापासून कडेपर्यंत आडव्या, सरळ जातात. अर्जुनाचा पंख अरुंद, रेषा वरच्या बाजूला वळलेल्या. भिंग लावलं, रेषा वळलेल्याच होत्या. बाकीच्या पिशव्यांतही तेच, शिवाय मुळं तळाशी गोल फिरून गुंतलेली.

सरपंच म्हणाले, "बाब, दोन्ही एकाच जातकुळीची ना? उद्या पाहुणे येणार, पत्रिका वाटून झाल्या."

जातकुळी एकच, पण लावायची जागा जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार होतं. अर्जुन नदी-ओढ्याच्या काठचा. दिवाळीनंतर सड्यावर टिपूस नसतो, तिथे उन्हाळाभर त्याला पाणी कोण घालणार? माट्टी पानं गाळून तोच उन्हाळा काढते. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीसाठी रानातून माट्टीची फळं आणणारी माणसं त्याच गावात आहेत. खरेदीआधी त्यांना एक फळ दाखवलं असतं तरी भागलं असतं. 2016 साली माड, म्हणजे नारळाचं झाड, गोव्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या 'झाड' या व्याख्येतून वगळला, तेव्हा गोवाभर गदारोळ झाला आणि 2017 मध्ये तो परत आत आला. माट्टीसाठी असा आवाज कोणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुरवठादाराने फसवलं, हे खरंच. पण मला जास्त खुपतं ते मागणीपत्र. 'उंची पाच फूट, जूनमध्ये पोच' असं मे महिन्यात लिहून मागितलं, की खरी माट्टी वाढवणारा आपोआप बाद होतो. फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिकतात. झाडाखालची जुनी उचलायची नाहीत, त्यांना किडीची भोकं असतात. प्रत्येक झाडाची दहा फळं आडवी कापून बघावीत. आत पांढरा गर नसेल तर त्या झाडाचं बी सोडून द्यावं, कारण पोकळ फळं फार निघतात. मग पंख छाटून फळं दोन दिवस पाण्यात भिजवायची, पाणी रोज बदलायचं. निदान बारा इंच खोल पिशवीत बोटाच्या एका पेराएवढ्या खोलीवर पेरायचं. उथळ पिशवीत सोटमूळ वळतं आणि असं रोप सड्यावर पुढे तग धरत नाही. लावायला दुसऱ्या पावसाळ्यात काढावं. म्हणजे मागणी किमान दीड वर्ष आधी यायला हवी.

शेवटी अर्जुनाची रोपं तळाशी गुंतलेली मुळं कापून ओढ्याकाठी लावली, तिथे ती जगतील. सड्यावरचे खड्डे रिकामेच राहिले आणि त्याबद्दल माझ्यावर नाराजी झाली. मी पंचायतीला मागणीपत्राचा नवा मसुदा दिला आहे: उंचीची अट नाही, बी कुठल्या रानातलं ते लिहून द्यायचं, पिशवीची खोली नमूद करायची आणि सोबत त्याच झाडांची वाळलेली फळं नमुना म्हणून. ग्रामसभेत तो अजून चर्चेला आलेला नाही.