942 च्या गर्दीत लपलेली एरर

आमची टेबलं बनवणारी स्क्रिप्ट ओरॅकल डेटाबेसवर चालली की लॉगमध्ये ओआरए-00942, म्हणजे 'असं टेबल नाही' या एररची रांग लागायची. कारण साधं होतं. प्रत्येक टेबल आधी ड्रॉप करायचं, मग नव्याने क्रिएट करायचं. डेटाबेस कोरा असेल तर ड्रॉप करायला टेबलच नसतं. "ही एरर येणारच, तिकडे बघू नका," असं स्क्रिप्ट हातात देतानाच सांगितलं जायचं. ओरॅकलवर स्क्रिप्ट चालवणारं एसक्यूएल प्लस एरर आली तरी आपणहून थांबत नाही, त्यामुळे शेवटी जॉब हिरवाच, म्हणजे यशस्वी.

मग एका टेस्ट डेटाबेसवर इन्सर्ट फसले. ओआरए-00904, म्हणजे असा कॉलमच नाही. कॉलम तर क्रिएटमध्ये डोळ्यांसमोर होता! लॉग खालून वर वाचत गेलो. इन्सर्टच्या वर ओआरए-00955: या नावाचं काहीतरी आधीच आहे. त्याच्याही वर, 942 च्या गर्दीत, एकुलती एक ओआरए-02449. दुसऱ्या टेबलची फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्याकडे जाणारा दुवा, या टेबलावर टेकलेली होती, म्हणून ड्रॉप झालंच नव्हतं. जुनंच टेबल जागेवर, मग नवा कॉलम येणार कुठून?

बरेच जण ड्रॉपपुरतं 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर कंटिन्यू' (एरर आली तरी पुढे जा) लावतात आणि पुढे 'एक्झिट' (एरर आली की बाहेर पड). पण त्यात 942 बरोबर 2449 सुद्धा सुटते. मी प्रत्येक ड्रॉप पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या ब्लॉकमध्ये टाकला: आत एक्झिक्यूट इमिजिएटने ड्रॉप, आणि एक्सेप्शनमध्ये एसक्यूएलकोड, म्हणजे एररचा नंबर, -942 असेल तरच गप्प, नाहीतर रेज, म्हणजे एरर तशीच वर. नुसतं 'व्हेन अदर्स देन नल' (कुठलीही एरर आली तरी काही करू नको) लिहिणं म्हणजे चोर आला तरी न भुंकणारं कुत्रं पाळणं. ड्रॉपला 'कॅस्केड कन्स्ट्रेंट्स' जोडलं असतं तर 2449 टळली असती, पण त्यात दुसऱ्या टेबलची फॉरेन कीही न बोलता उडते. त्यापेक्षा ड्रॉपचा क्रम बदलला, आधी फॉरेन की असलेलं चाइल्ड टेबल, मग ती ज्यावर टेकते ते पेरेंट.

स्क्रिप्टच्या डोक्यावर 'व्हेनएव्हर एसक्यूएलएरर एक्झिट फेल्युअर रोलबॅक'. यातला रोलबॅक, म्हणजे अर्धवट बदल मागे घेणं, गाळू नका. तो नसेल तर बाहेर पडताना अर्धवट इन्सर्टही कमिट, म्हणजे कायम, होतात. अर्थात क्रिएट-ड्रॉप आपोआप कमिट होतात, ते रोलबॅकने परत येत नाहीत. म्हणून मधेच थांबलेली स्क्रिप्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवता यायलाच हवी.

हेच काम पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर नेताना बरंच सोपं गेलं. 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' नुसती नोटीस देऊन पुढे जातं आणि फॉरेन की आडवी आली तर खरी एरर देतं. पण पोस्टग्रेसवर स्क्रिप्ट चालवणारं पीएसक्यूएलही एररवर थांबत नाही, त्यासाठी 'ऑन एरर स्टॉप' चालू करावं लागतं. 'क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स' मात्र मी टाळतो. ते फक्त नाव बघतं, कॉलम नाही. जुन्या रचनेचं टेबल पडून असेल तर ते नोटीस देऊन पुढे सरकतं, आणि मग लॉगमध्ये शोधायला 955 सुद्धा नसते.