पोच

काल दुपारी एक अर्ज ई-फाइलिंगने दाखल करत बसले होते. तीनदा परत आला. पहिल्यांदा एक पान आडवं होतं, दुसऱ्यांदा फाइल जड झाली, तिसऱ्यांदा कारणच कळलं नाही. चौथ्या खेपेला घेतला आणि हातात एक लांबलचक क्रमांक ठेवला. झालं म्हणे दाखल! मी मात्र उगीच कान देऊन बसले, शिक्का कधी 'ठप्' वाजतो म्हणून.

मामा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात कारकून होते. सुट्टीत मी त्यांच्यामागे जायची. ते गठ्ठ्याला दाभणाने भोक पाडत, सुतळी ओवत आणि गाठ मारताना म्हणत, "बोट ठेव गं इथे." कितीतरी दाव्यांच्या गाठींतून मी ते बोट ऐनवेळी काढून घेतलंय. कापडात बांधलेल्या त्या गठ्ठ्यांना मामा दप्तर म्हणायचे. दप्तर तर माझ्याही पाठीवर असायचं, त्यामुळे मला बरीच वर्षं वाटे, की या मोठ्या माणसांचा गृहपाठ तपासायचा राहिलाय. (फारसं चुकत नव्हतं.)

दप्तर आपल्याकडे फारसीतून आलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडं. फाइलच्या मुळाशी लॅटिनमधला दोरा, कारण कागद दोऱ्यात ओवून ठेवत. कातडं गेलं, दोराही गेला. आता गाठ मारते ती हॅश, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. एसएचए-२५६ नावाच्या पद्धतीने काढलेला ठसा दहा पानांचाही ६४ अक्षरांचा आणि हजार पानांचाही तेवढाच. पण आत एक स्वल्पविराम हलवा, सगळा ठसा बदलतो. सुतळी सैल करून मधलं पान बदलणाऱ्यांची पंचाईतच.

मामांना मात्र पानं बघूनच कळायचं. कोपरा मऊ पडलेला, कडेला अंगठ्याचा मळ, की म्हणत, "भांडण या पानावर आहे."

एकदा एक दप्तर नुसतंच धुळीत पडलेलं दिसलं. एकही पान मळलेलं नव्हतं. याची गाठ कधी सोडायची, मी विचारलं.

"दोघंही गेले गं," मामा म्हणाले आणि त्यांनी ते वरच्या फळीवर सरकवलं.

माझ्या अर्जापुढे आज सकाळपासून 'छाननी प्रलंबित' दिसतंय.