पंच्याहत्तर टक्के : माझा अनुभव

मिलिंदचं, माझ्या नवऱ्याचं, डोकं मी पहिल्यांदा भादरलं ते मे २०२३ मध्ये. न्यू जर्सीतल्या आमच्या बाथरूममध्ये तो प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला, खांद्यावर जुना टॉवेल, आणि मी रेझर हातात धरून टाक्यांच्या व्रणापाशी अडकलेली. "चालव की, मुहूर्त बघतेयस का?" तोच म्हणाला.

फेब्रुवारीत त्याच्या मेंदूतली गाठ काढली होती. रिपोर्ट आला ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्याने वाढणारा कर्करोग. त्यानंतर रेडिएशनची ३० सिटिंग्ज आणि जोडीला रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. ते दिवस वाईट होते, पण एका अर्थी सोपे होते. या म्हटलं की जायचं, झोपा म्हटलं की झोपायचं. रेडिएशन संपल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "डोक्याला लावायचं एक विजेचं मशीन आहे, ऑप्ट्यून नावाचं. करायचं का?"

वीज म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर शॉक आला. तसं काही नसतं म्हणाले, आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. पेशी दुभंगायच्या वेळी तिच्या आत बारीक धाग्यांची एक चाती तयार होते. ती गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेते. हे धागे ज्या प्रथिनाचे बनतात त्याच्या कणांना, लोहचुंबकाला जशी दोन वेगळी टोकं असतात तशी, विजेची धन आणि ऋण टोकं असतात. बाहेरून विद्युतक्षेत्र लावलं आणि त्याची दिशा सेकंदाला २ लाख वेळा उलटसुलट केली, की हे कण धड रांगेत बसत नाहीत. चाती बिघडते, पेशीला नीट दुभंगता येत नाही आणि बऱ्याचदा ती मरते. निदान आजवरचं स्पष्टीकरण तरी असं आहे. मेंदूतल्या निरोगी चेतापेशी सहसा दुभंगतच नाहीत, म्हणून त्यांना फारसा धक्का लागत नाही. आणि वेग इतका, की नसा-स्नायूंना ते जाणवतही नाही.

ही कल्पना इस्राएलमधल्या हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले प्राध्यापक योराम पाल्टी यांची. त्यांनी २००० साली नोव्होक्युअर कंपनी काढली. परतलेल्या गाठीसाठी अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी २०११ मध्ये मिळाली, नव्याने निदान झालेल्यांसाठी २०१५ मध्ये. त्यामागची चाचणी ६९५ रुग्णांची. नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांतले निम्मे १६ महिन्यांहून जास्त जगले, गोळ्या अधिक मशीनवाल्यांतले निम्मे २०.९ महिन्यांहून जास्त. पाच वर्षांनी हयात ५ टक्क्यांऐवजी १३ टक्के.

म्हणजे पाच महिने. मी ते दोन आकडे वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. दुसऱ्या गटाला खोटं मशीन लावलं नव्हतं, त्यामुळे काही तज्ज्ञ अजून शंका घेतात, हेही सांगितलं. मला तो प्रामाणिकपणा बरा वाटला. कारण तोवर नातेवाइकांकडून चुंबकाच्या गाद्या आणि तांब्याची कडी यांचे व्हिडिओ यायला लागले होते, आणि "हेही विजेचंच आहे ना?" असं मला विचारलं जात होतं. त्यांतल्या एकातही कुणी किती माणसं मोजली, हे सांगितलेलं नव्हतं.

मिलिंद "करू" म्हणाला. विमा कंपनी "नाही" म्हणाली. उपचार प्रायोगिक आहे, असं पत्र आलं. महिन्याचा छापील दर २० हजार डॉलरच्या वर, तेव्हा स्वतःच्या खिशातून भरायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांच्या ऑफिसातल्या नर्सबाईंनी अपील केलं, फोनवर भांडल्या, आणि तीन आठवड्यांनी मंजुरी आली. त्या बाईंना मी डबाभर चकल्या दिल्या. त्याहून जास्त काय देणार?

मग घरी एक मुलगी शिकवायला आली. पट्ट्या चार, प्रत्येकीवर चिनी मातीसारख्या नऊ चकत्या, वर पांढरं चिकट कापड. कुठली पट्टी कुठे चिकटवायची याचा नकाशा एमआरआयवरून त्याच्यापुरता तयार करून दिलेला. एक जोडी पुढे-मागे, दुसरी डावी-उजवी. क्षेत्र दोन्ही दिशांनी आलटून पालटून जातं, कारण पेशी कुठल्या दिशेने दुभंगेल ते आधी कळत नाही. वायरी एका पेटीत, पेटी झोळीत, झोळी खांद्याला. बॅटरीसकट सव्वा किलोच्या आसपास. बॅटरी दोन-तीन तासांत उतरते, म्हणून बाहेर पडताना आमच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीआधी बॅटरी जाते.

आणि हे दिवसाचे किमान १८ तास, रोज. म्हणजे ७५ टक्के वेळ.

पट्ट्या दर तीन-चार दिवसांनी बदलायच्या. आमचे वार बुधवार आणि रविवार. आधी बेबी ऑइल कडेकडेने मुरवायचं आणि पट्टी हळूहळू सोलायची. घाई केली की कातडीही सुटते, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. मग सौम्य शाम्पू, थोडा वेळ डोकं उघडं. खुंट वाढले की चकत्या टाळूला नीट टेकत नाहीत, म्हणून दर वेळी रेझर. मग स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा. नवी पट्टी जुन्या जागेपासून बोटभर सरकवून लावायची, म्हणजे तीच कातडी पुन्हा दबत नाही. तरीही लाल चट्टे उठतात. जुलैत तर व्रणाशेजारी फोड आला आणि आम्हाला तीन दिवस सगळं काढून ठेवावं लागलं.

जुलैनेच आमची परीक्षा घेतली. घामाने पट्टी सैल झाली, किंवा चकती जास्त तापली, की मशीन बंद पडून पीं पीं करतं. रात्री दोनला मी उठायची, उशी बदलायची, पंखा त्याच्या डोक्याकडे वळवायची. मशीन सगळ्याची नोंद ठेवतं आणि किती टक्के वेळ ते चालू होतं, याचा आकडा महिन्याच्या शेवटी येतो. जूनचा ८१. जुलैचा ६८.

त्या ६८ वर मी मिलिंदला बोलले. मुलाला गणितात कमी मार्क पडल्यावर बोलतात तसं बोलले. तू दुपारी काढून ठेवतोस, मला माहीत आहे, वगैरे. कुठेतरी वाचलं होतं, की ९० टक्क्यांहून जास्त वापरणाऱ्यांपैकी २९ टक्के पाच वर्षांनी हयात होते. तो आकडा माझ्या डोक्यात बसला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, ज्यांना बरं वाटतं तेच इतका वेळ घालू शकत असतील ना." डॉक्टरही नंतर तेच म्हणाले. मी आकडा फ्रिजवर लिहायचं बंद केलं. बघायचं बंद केलं असं नाही.

सगळ्यात अवघड होतं सांगलीला सांगणं. सासूबाईंना गाठीचं माहीत होतं, मशीनचं नाही. व्हिडिओ कॉलवर तो टोपी घालून बसायचा. एका रविवारी पट्ट्या बदलताना फोन आला आणि लेकीने उचलला. स्क्रीनवर तुळतुळीत डोकं. आई क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, मी अजून आहे ना? मग कुणासाठी केलंस?" बाबा गेले तेव्हा त्याने डोकं केलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. मिलिंद हसायला लागला, आई रडायला लागल्या, आणि लेकीला कळेना कुणाला काय समजवायचं.

सप्टेंबरात गणपतीला आई आल्या. विमानतळावर झोळीतून निघालेल्या वायरी पाहून त्यांनी काही विचारलं नाही. आरतीला तो उभा राहिला तेव्हा बॅटरी उतरली आणि घालीन लोटांगणच्या मध्येच पीं पीं सुरू झालं. कुणीतरी म्हणालं, मोबाइल बंद करा.

नंतरच्या बुधवारी मी तेलाची बाटली काढली, तर आईंनी ती माझ्या हातातून घेतली. स्टुलामागे उभ्या राहून, पट्टीच्या कडेने बोट फिरवत त्यांनी तेल मुरवायला सुरुवात केली. माझ्यापेक्षा दुप्पट वेळ लावला, पण पट्टी सुटली ती कुठेही न ओढता. "लहानपणी याची टाळू भरताना हा असाच मान टाकून झोपायचा," म्हणाल्या. मी बघितलं तर खरंच, त्याचे डोळे मिटलेले होते.

ऑक्टोबरच्या एमआरआयमध्ये बदल नव्हता. महिन्याचा आकडा ८४. आई नोव्हेंबरपर्यंत राहिल्या, बुधवार आणि रविवार त्यांचे. रेझर मात्र त्यांनी एकदाही हातात घेतला नाही. ते काम माझ्याकडेच राहिलं.