मुंबई ते ह्यूस्टन, सोबत अठरा इंची रोबॉट

'फर्स्ट टेक चॅलेंज' या शाळकरी मुलांच्या रोबॉट स्पर्धेच्या जागतिक फेरीला निघालेल्या संघाला विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त छळते ती रोबॉटची पेटी. सामन्याच्या सुरुवातीला रोबॉट 18 इंचांच्या घनात बसलाच पाहिजे, म्हणजे लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 137 सेंमी. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा 158 सेंमी आणि 23 किलो. उरले 21, सहा बाजूंना वाटले की साडेतीन-साडेतीन. पेटीची भिंत आणि फोम, दोन्ही त्यातच! म्हणून रोबॉटचा वर सरकणारा हात आम्ही उतरवून वेगळा बांधतो, आणि जोडणीचे फोटो छापून पेटीत सगळ्यांत वर ठेवतो. अमेरिकेत सुरक्षा कर्मचारी पेटी उघडतात. नीट कुठे धरून उचलायचं तेही त्याच कागदावर लिहावं.

पाने, पकडी चेक-इनमध्ये. लॅपटॉप आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. मुंबईत सामान देण्याआधीच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, कारण अधिकाऱ्याला वस्तू समोर दिसाव्या लागतात. नाहीतर परतताना स्वतःच्याच मोटरींवर शुल्काचा वाद होतो.

ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये 2017 पासून ही स्पर्धा भरते (कोविडची दोन वर्षं सोडून). समोर डिस्कव्हरी ग्रीन बाग. बाहेर एप्रिलचा दमट उकाडा, आत एसीचा गारठा, स्वेटर न्याच. मुलांना वरणभात आठवायला लागला, की हिलक्रॉफ्ट भागातली भारतीय दुकानं आणि खानावळी कामी येतात.

पिटमध्ये, म्हणजे संघाला मिळणाऱ्या दुरुस्तीच्या जागेत, पहिलं काम म्हणजे प्रत्येक नट-बोल्ट पुन्हा आवळणं. विमानाच्या पोटातल्या थरथरीने मोटरच्या दांड्यावरचा छोटा स्क्रू सैल होतो. मग मोटर फिरते, चाक फिरत नाही, आणि मुलं दोष कोडमध्ये शोधत बसतात. त्यानंतर सेन्सरच्या तारा. ते बारीक प्लग धक्क्याने अर्धवट सुटतात आणि मैदानावर ऐनवेळी दगा देतात.

वीज तिथे 120 व्होल्ट. चार्जरवर '100-240' लिहिलेलं नसेल तर तो घरीच ठेवा. 12 व्होल्ट, 3000 एमएएचची बॅटरी 1.8 अँपिअरवर भरायला जवळपास दोन तास लागतात, त्यामुळे चार बॅटऱ्या तरी आळीपाळीने हव्यात. अर्धी उतरलेली बॅटरी वाईट, कारण हात अडकला आणि चाकांनीही त्याच क्षणी जोर लावला, तर व्होल्टेज कोसळून कंट्रोल हब (रोबॉटचा मेंदू) रीसेट होतो. पुढचे कित्येक सेकंद रोबॉट नुसता उभा.

सामन्यांआधीच्या तपासणीत मापाच्या घनाखेरीज रोबॉटच्या वाय-फायचं नाव (संघक्रमांकासह) आणि बदललेला पासवर्डही बघतात. तो बदलायचा हमखास राहून जातो.

सामना अडीच मिनिटांचा, त्यातली पहिली 30 सेकंद रोबॉट स्वतःच चालतो. घरी अचूक चाललेला प्रोग्रॅम इथे हातभर चुकतो, त्याचं कारण बहुतेकदा फरशी. मैदान 12 फूट चौरस, दोन-दोन फुटांच्या फोमच्या तुकड्यांचं. सरावाचे तुकडे झिजलेले, इथले नवे, त्यामुळे मेकॅनम चाकं (तिरप्या रोलरची, आडवीही सरकणारी) आडवी सरकताना वेगळीच घसरतात. दुसरं कारण प्रकाश: कॅमेऱ्याचं एक्सपोजर आपोआप ठेवलं तर रोबॉटला जागा ओळखायला लागणारी भिंतीवरची चौकटीची खूण धूसर दिसते. सराव-मैदानाची वेळ मिळाली की गोल नंतर, आधी एक्सपोजर आणि आडवं अंतर ठरवून घ्यावं. आमच्या मते तिथे नवी युक्ती घालायला बसणारे संघ स्वतःचंच नुकसान करतात.

परीक्षकांसमोर पाच मिनिटं सादरीकरण, मग प्रश्न. मुलांनी पाठ केलेलं भाषण लगेच ओळखू येतं. एखादा मोडलेला भाग हातात देऊन तो का मोडला हे सांगणारी मुलगी जास्त ऐकली जाते.

सुटा भाग मिळाला नाही तर सरळ शेजारच्या पिटमध्ये मागा. प्रतिस्पर्धीसुद्धा देतात, तशी इथली रीतच आहे.

शेवटच्या दिवशी आवरायची घाई उडते. बॅटऱ्या रोबॉटमधून काढून प्रत्येकीच्या टोकाला टेप लावायची, आणि निर्यात प्रमाणपत्र पेटीत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवायचं.