डिंक नव्हे, कान

श्रावणात दोन-तीन दिवसांची झड लागून गेली की गोठ्यामागचा जळतणाचा ढीग जरूर बघावा. तुराट्या-पऱ्हाट्या सोडा, त्या काळ्या पडून बसलेल्या असतात. तळाशी दबलेला आंब्याचा ओंडका उलटवला, तर त्याला कदाचित कान फुटलेले असतील. तपकिरी, गार, पाळीसारखे लवचीक. ही ऑरिक्युलारिया नावाची बुरशी. लॅटिनमध्ये ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. नाव ठेवणाऱ्यानं फार डोकं खाजवलेलं दिसत नाही.

बाभळीवर असं काही चकाकलं, तर पहिला संशय डिंकाचा घ्यावा. निवाडा वाटीभर पाण्यात होतो. बाभळीचा डिंक विरघळतो, पाणी चिकट होतं. बुरशी विरघळत नाही, फुगते. वाळून नखाएवढी कडक खपली झालेला कान भिजला की पुन्हा कान होतो. शिवाय डिंक जिवंत झाडाच्या जखमेतून पाझरतो. साल सुटलेल्या मेल्या फांदीवर ताजा डिंक येणार कुठून?

खरी फसगत पिवळ्या-नारिंगी रंगात होते. पिवळं आणि लिबलिबीत दिसलं की ट्रेमेला मेसेन्टेरिका या दुसऱ्या बुरशीचं नाव चिकटवायची घाई होते. आधी आकार बघा. लाकडाच्या चिरेतून ओळीनं उगवलेली, एक-दोन सेंटिमीटर उंच, खाली बारीक दांडा आणि वर चपटं उलथणं, अशी असेल तर ती बहुधा डॅक्रिओपिनॅक्स स्पॅथ्युलारिया. कापीव लाकडावर, जुन्या फळ्यांवरही ती येते. मेसेन्टेरिकाला दांडा नसतो, नुसत्या मेंदूसारख्या वळ्या. आणि ती लाकूड खातच नाही. लाकूड खाणाऱ्या पेनिओफोरा या दुसऱ्या बुरशीवर जगते. पांढरीशुभ्र, पाकळ्यापाकळ्यांची ट्रेमेला फ्युसिफॉर्मिसही अशीच परजीवी, तिचा यजमान काळा, कोळशाच्या खड्यासारखा. म्हणून नमुना नुसता ओरबाडू नये, बोटभर सालीसकट कापावा. ओरबाडला की शेजारी कोण होतं हा पुरावाच जातो.

फोटो वरून एक, बाजूनं एक, खालून एक. शेजारी दहाचं नाणं ठेवावं, ते 27 मिलिमीटरचं असतं. लाकूड कुठल्या झाडाचं ते तिथंच लिहावं. घरी आल्यावर सगळ्या फांद्या सारख्याच दिसतात. नमुना कागदी पाकिटात ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि दुसऱ्या दिवशी हाती नुसता वास उरतो.

पक्की ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच, किमान 400 पट मोठं करून. बीजाणू धरणाऱ्या पेशी बघायच्या. डॅक्रिओपिनॅक्सची पेशी गलोलीच्या बेचक्यासारखी दुफाट्याची. ट्रेमेलाची उभ्या पडद्यांनी चार फोडी केलेल्या लिंबासारखी. ऑरिक्युलारियाची लांबट, आडव्या पडद्यांनी चार पेरं पडलेली, अगदी उसाची कांडी. काप ब्लेडनं केसाएवढा पातळ घ्यायचा, 3 ते 5 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा आणि वरची काच हलकेच दाबायची. जाड काप घेतला तर सगळा गिचका होतो. कानाच्या लवदार बाजूचा घेतला तर काहीच सापडत नाही, कारण बीजाणू दुसऱ्या, गुळगुळीत बाजूवर धरतात.

खाण्याचं म्हणाल तर हॉट अँड सावर सूपमधल्या काळ्या पट्ट्या याच कानाच्या कुळातल्या, पण त्या लागवडीतल्या. जळतणावरच्या कानाचं सूप नको.

चार दिवसांची उघडीप पडली की सगळं आक्रसून सालीत जमा होतं आणि ओंडका पुन्हा साधा दिसतो. जागेवर खूण करून ठेवावी. खडूची नको, पुढच्या सरीत धुऊन जाते. सुतळीची गाठ मारावी. आणि चुलीपाशी बसणारीला आधी सांगून ठेवावं, की गाठीचं लाकूड शेवटी जाळा.