'ऱ्हायना'वर रफार चढला

माझ्या पुस्तकाची प्रूफ प्रत आली एकदाची. कव्हर झकास, मॅट लॅमिनेशन घेतलं ते बरंच केलं, आणि नॅचरल शेडचा कागद तर हातातून खाली ठेववेना. आईनं मधलंच पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "हाई काय लिखेल शे रे?"

छापलं होतं, 'काय करी र्हायना भाऊ'. म्हणजे 'काय करतोय भाऊ', पण अर्धा र पळालेला, ह च्या डोक्यावर रफार. संवाद सगळे अहिराणी, म्हणजे दर पानावर कोणी ना कोणी काहीतरी करी ऱ्हायनाच! त्यातही एका पानावर ठीक, पुढच्यावर घाण. दोन रात्री छापणाऱ्यांच्या नावानं खडे फोडले.

चूक माझीच निघाली. नोव्हेंबरात रोजचे 1,667 शब्द गाठायचे (30 दिवसांत 50,000, महिनाभराच्या लेखन-आव्हानाचं नेहमीचं गणित) म्हणून निम्मं लिखाण पारोळ्याच्या एसटीत, मोबाइलवर. माझा मोबाइल कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ देतो, त्याला हलन्त जोडलं की झाला अर्धा र. लॅपटॉपवर मात्र जुन्या सवयीनं साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह). दिसायला दोन्ही जुळे भाऊ. पीडीएफ करायच्या रात्री, व्हॉट्सअ‍ॅपवरून चिकटवलेल्या मजकुरातला कचरा काढायला, सगळी अदृश्य चिन्हं 'रिप्लेस ऑल'नं उडवली. त्यात झेडडब्ल्यूजेही गेला. पडद्यावर तेव्हाच दिसलं असतं; रात्री दीडला कोण बघतो?

'र्ह' सोपा होता. 'अर्हता' एकदाच आला होता, तो बाजूला ठेवून 611 जागा एका फटक्यात. छळ 'र्य'चा. 'व्यापार्यांनी' सुधारायला सरसकट बदल केला तर 'सूर्य'चा 'सूऱ्य' होतो, 'धैर्य'चं 'धैऱ्य'. मग लिब्रेऑफिसात एकेक जागा बघत तीन संध्याकाळी घालवल्या. पंगतीच्या प्रकरणात आचार्य पण आहेत आणि आचारी पण. 'आचार्यांना' आसन आणि 'आचाऱ्यांना' बिदागी, दोघांना आपापलं मिळालं तेव्हा एकटाच हसलो.

हात घातलाच होता, तर फाइलीतलं मजकुराच्या भाषेचं सेटिंग हिंदीवरून मराठी केलं. ल आणि श आपल्या वळणाचे झाले. फॉन्टही बदलला आणि तिथं फसलो: 224 पानांची 240 झाली. म्हणजे आठ कागद जास्त, कणा जवळपास मिलिमीटरभर जाड, कव्हर पुन्हा. शेवटी दिलेला अहिराणी शब्दार्थकोश काढून टाकावा का? सहा पानं वाचतील, आणि खान्देशातल्या वाचकाला तो कशाला हवा? पण पुण्याच्या मावशीला हवा. राहू दे.

छपाईच्या साइटवर वर्ड फाइल चढवायची सोय असली तरी चढवू नका, फॉन्ट आतच बसवलेली (एम्बेड केलेली) पीडीएफच द्या. आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सरकारकडून फुकट मिळतो, पुस्तक छापून देण्याची 'पॅकेजं' विकणारांना त्याचे पैसे देऊ नका.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पुढच्या प्रुफात पहिलं पान कसोटीचं. ऱ्ह, ऱ्य, र्य, ल, श, सगळी खोडकर मंडळी एका जागी. पहिल्याच पानावर निकाल. अंतिम फाइलीत ते पान कोरं ठेवायचं, म्हणजे पानसंख्या हलत नाही.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) प्रकाशन हुकलं. आता श्रावणात, कानबाईच्या रोटांच्या सणापर्यंत. दुसरी प्रूफ प्रत मागवतोय, पार्सल आईच्या नावानं.